पटाच्या बैलांची रेंगी

मी दवाखान्यात ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या लावायच्या आणि डॉक्टर शस्त्रक्रिया करत असले की रोग्याच्या नाकावर क्लोरोफॉर्मचे थेंब सोडायचे, एवढंच माझं काम. लोक मला ‘डरेसरबाबू’ म्हणत. सारी नोकरी पट्ट्या बांधण्यात गेली, पण निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी गोंदियाच्या बाजारात एखादा म्हातारा हात धरून थांबवतो आणि विचारतो, “तुमीच ना जी ते रेंगीवाले?” माझ्या पट्ट्यांची आठवण कोणालाच नाही. म्हणून रेंगीचंच लिहितो.

रेंगी म्हणजे हलकी बैलगाडी. धान, त्याचा पेंढा म्हणजे तणीस, लाकूडफाटा वाहायला आमच्याकडे खासर असतं; दणकट, जड आणि आळशी. रेंगी ही त्याची सडपातळ बहीण. लग्नाला जायचं, लेकीला माहेरी आणायचं, की रेंगी निघायची. स्वातंत्र्याच्या आधीची काही वर्षं आम्ही असल्याच एका रेंगीतून चिचगडच्या जंगलपट्टीतले रोगी दवाखान्यात आणले. दवाखान्याच्या हाताबाहेरचं दुखणं असलं तर तीच रेंगी पुढं आमगावच्या स्टेशनापर्यंत जायची आणि तिथून रोगी आगगाडीनं गोंदियाला. आता लोक मोटार-अँब्युलन्स म्हणतात. आमच्या तोंडी तो शब्द नव्हता, आणि मोटारही नव्हती.

आमचा दवाखाना देवरीच्या अंगाला, सडकेवर. डॉक्टर एकच. वऱ्हाडातले, अबोल, चहाखेरीज कसलाही शौक नसलेले. दवाखान्याच्या पुढं चिचगडकडं जंगल दाट होत जातं. त्या काळी रस्ता म्हणजे मुरमाची चाकोरी होती, आणि पावसाळ्यात तीही नाल्यांच्या पोटात जायची.

सुरुवात एका मेलेल्या माणसापासून झाली. झाड तोडताना कुऱ्हाड निसटून मांडीत बसलेला एक लाकूडतोड्या त्याच्या भावानं खासरात घालून आणला. सकाळी निघालेलं खासर दिवस कलल्यावर दवाखान्यात पोचलं. मी पडदा उचलला तेव्हा अंगात काही उरलेलं नव्हतं. खालचं तणीस तेवढं ओलं होतं. भाऊ चाकाला टेकून बसला आणि म्हणाला, “बैलाईले मारत मारत आनलं जी. पन खासरच ते. कुठं पयते?”

डॉक्टरांनी जखम पाहिली. “शीर बांधता आली असती,” एवढंच बोलले आणि हात धुवायला गेले.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावी शंकरपट होता. पट म्हणजे बैलांची शर्यत. धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव पट भरतात, आणि पटाच्या जोडीला घरात मुलापेक्षा जास्त मान. चिचगडच्या मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, आग्रहानं डॉक्टर पहिल्यांदाच पट पाहायला आले. चिचगडच्या फागूची जोडी सुटली. पाखऱ्या आणि बिजल्या. धुळीचा लोट दिसला, बैल दिसलेच नाहीत. लोक ओरडत होते आणि डॉक्टर कपाळाला आठ्या घालून बघत होते.

“ही जोडी वर्षभर काय करते?” त्यांनी मला विचारलं.

“खाते, साहेब.”

मी थट्टा करत नव्हतो. पटाच्या बैलांना नांगर नाही, खासर नाही. उडीद, तूप, अंडी खायची, मालिश करून घ्यायची आणि वर्षातून चार-दोनदा क्षणभर पळायचं. परत दवाखान्याशी आल्यावर डॉक्टर म्हणाले, “त्या लाकूडतोड्याच्या वाटेवर असे बैल किती गावांत असतील?”

मी आठवून पाहिलं. बहुतेक प्रत्येक गावात होते.

युक्ती डॉक्टरांची आणि अगदी साधी. एका जोडीनं सबंध वाट चालायची नाही. प्रत्येक गावानं रोगी पुढच्या गावापर्यंत पोचवायचा. तिथं ताजी जोडी तयार. गाडी तीच, बैल नवे. रोग्याकडून काही घ्यायचं नाही. खळ्यावर धान मोजताना प्रत्येक घरानं एक पायली बाजूला काढायची, त्यातून दोरखंड, वंगण आणि बैलांची पेंड. मालगुजारांनी त्यांची जुनी रेंगी दिली.

गाडी जमवली मी. आम्ही ढिवर. बोदलकशाच्या तलावावर माझा बाप जाळं टाकायचा, आणि आजा साहेबलोकांच्या डोल्या वाहायचा. डोलीतला साहेब जंगलातून झोपून जायचा. तोच साहेब बैलगाडीत बसला की शिव्या द्यायचा, हे आजा हसून सांगायचा. गचका चाकाचा असतो, तो अंगापर्यंत येऊ द्यायचा नाही, एवढीच त्यातली मेख. मी रेंगीला चार खुंट उभे केले, त्यांना अंबाडीच्या दोरानं एक छोटी बाज टांगली, आणि बाजेला सुतळीऐवजी जाळ्याची वीण घातली. खाली तणसाची गादी, वर बोऱ्याचं छत. डॉक्टर स्वतः आत निजले आणि मला दगडधोंड्यांतून गाडी न्यायला लावली. उतरल्यावर म्हणाले, “कपातला चहा सांडला नसता.” त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही.

गाडी झाली. बैल मिळेनात.

फागूकडं मी स्वतः गेलो. उंच, काळा, मिशा पिळलेला माणूस. बिजल्याच्या पाठीवर हात फिरवत त्यानं माझं सगळं ऐकलं आणि म्हणाला, “नाही जी. माहा बईल मानसं वाहाले नाही. मानूस मेला तर दुसरा जनमते. बिजल्या कोटून आनू?”

“अरे, असं बोलतात का?”

“मंग कसं बोलू? खरं हाये ते बोलून रायलो.”

दोन-तीन खेपा झाल्या. शेवटी मी त्याला सांगितलं की बोरटोल्याच्या रूपचंदनं जोडी द्यायला हो म्हटलंय. चिचगडपासून पुढचं गाव बोरटोला, आणि फागू-रूपचंद हे पटातले जुने वैरी. फागू उभा राहिला. “रूपचंदची जोडी? ते खासरात तरी चालते का? लोकं म्हनतील फागूचे बईल फुकटचे खाते.” दुसऱ्याच दिवशी त्याचा होकार आला. एवढ्या चांगल्या कामाची सुरुवात असल्या भांडणातून झाली, हे डॉक्टरांना मी सांगितलं नाही. त्यांना ते कळलं होतं असं आता वाटतं.

पहिला रोगी पाय मोडलेला होता. फागूनं रेंगी पटासारखी सोडली. दवाखान्यात उतरवला तेव्हा तो बिचारा हात जोडून म्हणाला, “एकच मोडला होता जी. आता दुसऱ्याचंही पाहून घ्या.” डॉक्टर फागूवर फार चिडले. मग मी आणि फागूनं बाजेवर पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर ठेवून बैलांना दुडकी चाल शिकवायला सुरुवात केली. पटाच्या बैलाला पळवायला अक्कल लागत नाही. त्याला पळू न देणं हे खरं कसब. फागूला आधी तो अपमान वाटला. मग एक दिवस घागर न सांडता तो नाला उतरून चढला आणि गावभर सांगत सुटला.

गाडीवानाकडं एक शिंग असायचं. गावाची शीव दिसली की तो ते फुंकायचा. शिंग ऐकलं की त्या गावची जोडी सडकेवर आणून उभी करायची. हातातलं काम टाकून. रोवणीचे दिवस असले तरी. काही गावांनी हे इतकं अंगी बाणवलं की आमची रेंगी पोचायच्या आत बैल वाट बघत उभे असत.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. चिचगडला लाखेचा एक व्यापारी होता. त्याच्या पोटात गोंदियाच्या बाजाराच्या आदल्या दिवशी नेमानं कळ यायची. “बहुत दर्द है डरेसरबाबू, जान निकल रही है,” म्हणून तो रेंगीत पडायचा आणि आमगावचं स्टेशन दिसलं की उठून बसायचा. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी त्याला स्टेशनावर जाऊ दिलं नाही. दवाखान्यातच उतरवून घेतला, अतिशय काळजीनं तपासला आणि एरंडेलाचा भलामोठा डोस समोर उभं राहून पाजला. तो बाजार त्याचा आमच्या परसातच झाला. पुढं त्याच्या पोटात कधी दुखलं नाही.

आणि केशोरीहून लेकीकडं आलेली एक आजी होती. तापानं फणफणलेली, छातीत कफ. पण बाजेवर आडवी व्हायला तयार नाही. “निजून फक्त मसनात जातात,” म्हणाली. सबंध वाट ती खुंटाला धरून ताठ बसून आली आणि प्रत्येक गावात लोकांना हात दाखवत होती, म्हणजे जिवंत आहे हे कळावं. महिनाभरानं बरी होऊन गेली तेव्हा मात्र पाय पसरून मजेत निजून गेली.

हसण्यासारखं असं पुष्कळ. पण डोमाचं प्रकरण आठवलं की हसू येत नाही.

डोमा चिचगडचा. मोहाच्या दिवसांत माणसं पहाटेच्या उजेडात फुलं वेचायला जातात आणि अस्वलंही त्याच फुलांसाठी येतात. डोमाच्या तोंडावर अस्वलानं पंजा मारला. मी त्या दिवशी चिचगडात देवीच्या लसी टोचायला आलो होतो. एक डोळा गेलाच होता, गालाची चामडी लोंबत होती. घट्ट बांधलं, रेंगीत घातलं. फागूनं जोडी जुंपली. बोरटोल्याला शिंग वाजलं, रूपचंद जोडी घेऊन उभाच होता. आत डोमा आहे म्हटल्यावर त्यानं बैल दोन पावलं मागं घेतले.

“महार हाये तो,” रूपचंद म्हणाला. “माह्या बैलाच्या मांगं विटाळ नाही चालत.”

मी म्हणालो, “रूपचंद, माणूस मरतोय.”

“मी कुठं मारून रायलो? घेऊन जा तुमी. माहे बईल नाही.”

मी आणखी बोलणार होतो. फागूनं मला अडवलं. तो काही फार मोठ्या मनाचा माणूस नव्हता, विटाळ त्याच्याही घरी पाळत. पण रेंगी मध्येच उभी राहावी हे त्याला पटेना. “चला बाबू,” एवढं म्हणून त्यानं दमलेलीच जोडी पुढं हाकली. एका टप्प्याच्या जागी दोन टप्पे झाले. ऊन चढलं होतं. दवाखाना दिसायला लागला तेव्हा बिजल्याचा मागचा पाय ओढला जात होता. डोमा वाचला. बिजल्या वाचला, पण पटात पुन्हा कधी उतरला नाही. फागू त्या साली पट पाहायला गेला नाही.

डॉक्टरांनी बोरटोल्याचा टप्पा काढून टाकायचं ठरवलं होतं. पण त्या मधल्या मोठ्या पल्ल्याला दुसरं गाव नव्हतं. टप्पा राहिला, आणि विटाळही राहिला. पुढं असा रोगी असला की आम्ही बोरटोल्याला शिंग न वाजवता पुढं जायचो. ही व्यवस्था मला आजही टोचते. पण होती ती अशी होती.

आता पोळ्याचं सांगतो.

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. घरात कोणी मेलं तरी नाही. त्या वर्षी पोळ्याला मी चिचगडातच होतो. मालगुजारांच्या पायाला गळू झालं होतं, त्याची पट्टी बदलायला. दुपारी सारा गाव आखरावर, शिवेलगतच्या मोकळ्या मैदानात, जमलेला. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, शिंगांना बेगड, पाठीवर झुली, बैलांच्या रांगा लागलेल्या. पोरं झडत्या, पोळ्याची थट्टेची गाणी, म्हणत होती आणि लोक हसत होते.

तेवढ्यात जंगलातल्या एका टोल्यावरून, चार घरांच्या वस्तीवरून, दोघं जण खांद्यावर बाज घेऊन आले. बाजेवर त्यांच्या घरची सून, पार्बता. मागून तिची सासू भुराबाई. ही भुराबाई त्या बाजूची नावाजलेली सुईण. अर्ध्या मुलखाची नाळ तिनं कापलेली. ती सरळ माझ्यापाशी आली.

“डरेसरबाबू, कालपासून अडली हाये. लेकराचा हात बाहेर आला. माह्यानं नाही होत आता. डाक्टराकडं न्या.”

सुईणीनं हे आपल्या तोंडानं म्हणावं यात काय होतं ते मला कळलं. मी पार्बताकडं पाहिलं. ओठ पांढरे पडले होते, पण डोळे उघडे होते.

मालगुजार म्हातारे, भले गृहस्थ. ते म्हणाले, “उद्या पहाटे काढू रेंगी. आज जू नाही ठेवत. माझ्या बापाच्या, आज्याच्या काळात झालं नाही.”

“उद्या कोनी पाहिला, मालक?” भुराबाई म्हणाली.

मी फागूपाशी गेलो. पाखऱ्या आणि लंगडा बिजल्या, दोघांनाही त्यानं नवी झूल घातली होती.

“फागू, निघ.”

“बईल नाही निंगत, बाबू.”

“मरेल ती.”

“बईल नाही निंगत म्हनलो. मी नाही निंगत असं म्हनलो का?”

त्यानं डोक्याचा नवा पटका सोडला, घडी करून खांद्यावर ठेवला आणि सरळ रेंगीकडं गेला. जू उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं. “दुसऱ्या अंगाले कोन येते?”

पार्बताचा नवरा पुढं झाला. फागूनं त्याला हटकलं, “तू नोको. तू तिच्याजवळ चाल.” मग आखरातून एक तगडा गडी आला. मागून ढकलायला आणखी चौघं. आम्ही पार्बताला बाजेवर निजवलं, भुराबाई पायथ्याशी बसली. तोरणाखाली सजलेले बैल उभेच राहिले आणि माणसांनी गाडी ओढत बाहेर काढली. कोणी झडती म्हटली नाही.

त्या वाटेवर शिकवायचं काम माझ्याकडं होतं. दोन माणसं जुवाखाली आली की दोघांची पावलं वेगळी पडतात आणि गाडी लचकते. आजा डोली वाहताना जे म्हणायचा ते मी मोठ्यानं म्हणत चाललो: “हूं उजवा, हूं डावा.” थोड्या वेळानं सगळेच म्हणू लागले. पाऊस नव्हता, पण आदल्या रात्रीच्या पावसानं नाला छातीपर्यंत भरला होता. तिथं आम्ही थांबलो. कुठं खड्डा, कुठं खडक, पाण्यात काही दिसेना. इतक्यात मागून कोणीतरी बांबू घेऊन पाण्यात उतरला आणि टोचत टोचत पुढं जाऊ लागला. डोमा होता. आमच्या मागोमाग तो कधी निघाला, कोणी पाहिलं नव्हतं. “इकडून या,” तो म्हणाला. आम्ही बाज खुंटांवरून सोडून डोक्यांवर घेतली, रिकामी रेंगी मागून ओढली. पाण्यात कोण कोणाला शिवतं हे कोणी विचारलं नाही.

बोरटोल्याची शीव आली. फागूनं दम खात शिंग फुंकलं. तिथंही पोळा होता, तिथंही सारे पुरुष आखरावर. शिंगाचा आवाज ऐकून रूपचंद सडकेवर आला तो तावातावानं, पोळ्याच्या दिवशी बैल कोणी काढले हे विचारायला. जुवाखाली फागूला पाहून तो जागच्या जागी थांबला.

“काऊन गा फागू? हे काय?”

“बाई अडली हाये. बईल आज नाही. तू येतेस का?”

रूपचंदनं मागं गावाकडं पाहिलं, आत पार्बताकडं पाहिलं. मग अंगातली बंडी काढून सोबतच्या माणसाकडं दिली आणि फागूच्या खांद्यावरचं जू आपल्या खांद्यावर घेतलं. त्याच्याबरोबर बोरटोल्याचे आठ-दहा गडी निघाले.

मी डोमाला शोधलं. तो शिवेवरच, झाडाखाली थांबला होता. गावात आला नाही. मी हात केला, त्यानंही केला. ज्या रूपचंदनं डोमासाठी बैल दिले नाहीत, त्यानं पार्बतासाठी स्वतःला जुंपून घेतलं. माणूस एकच. मला याचा हिशेब कधी लागला नाही.

रात्र बरीच चढल्यावर आम्ही दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी बाह्या वर केल्या. मी क्लोरोफॉर्म धरला. भुराबाईला त्यांनी बाहेर काढलं नाही. “इथंच उभ्या राहा, कंदील धरा,” म्हणाले. मूल आतच गेलेलं होतं. पार्बता वाचली. डॉक्टरांनी हात धुतले आणि पडवीत येऊन बसलेल्या माणसांना सांगितलं, “बाई जगेल.” रूपचंदनं पाणी मागितलं. मग मी एकेकाच्या खांद्यावर औषध लावत बसलो. जुवानं सगळ्यांची कातडी सोलली होती. फागू म्हणाला, “बाबू, बैलाचा खांदा येगळा अन मानसाचा येगळा. हे काम रोजचं नाही सांगत तुमाले.”

पार्बता दवाखान्यात बरेच दिवस होती. पुन्हा मूल होणार नाही हे डॉक्टरांनी तिला आणि भुराबाईला एकत्र बसवून सांगितलं. मला वाटलं, आता नवरा दुसरी करील. भुराबाई मुलाला तसं करू देणारी नव्हती. काही महिन्यांनी ती सुनेला घेऊन दवाखान्यात आली. “हिले शिकवा,” म्हणाली. “माह्यापाशी हाये ते मी देतो, तुमच्यापाशी हाये ते तुमी द्या.” तोवर आमच्या रेंगीची मोठी अडचण हीच होती. बाईमाणूस पुरुषांच्या गाडीत यायला तयार नसे; यायची ती अगदी टेकीला आल्यावर. पार्बता शिकली. हात कसे सोसेल तितक्या कढत पाण्यानं धुवायचे, काय ओढायचं नाही, कधी थांबायचं, कधी निघायचं. मग ती चिचगडातच राहिली, आणि बाई रोगी असली की रेंगीत तिच्यासोबत जाऊ लागली.

रेंगी पुढं बंद पडली ती कोणा एकामुळं नाही. डॉक्टरांची बदली झाली. लढाईच्या दिवसांत धान महागलं, पटाच्या जोड्या कमी झाल्या. मग पक्की सडक झाली, बस आली; बस शिंगाला थांबत नाही, पण लोकांना ती आवडली. पार्बताच्या टोल्याकडं मात्र ना सडक गेली ना बस. चिचगडच्या पलीकडची किती माणसं आमच्यापर्यंत पोचलीच नसतील, हे मी कधी हिशेबात धरलं नाही, धरता येत नव्हतं.

एक दिवस मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. रेंगी चालू होती तेव्हाचाच. चिचगडची सखू, पहिलटकरीण. कळा सुरू होऊन बराच वेळ झालेला, पाणी गेलेलं, घरातली माणसं घाबरलेली. पार्बतानं तपासलं आणि रेंगी मागवली. फागू हाकायला, मी पुढं बसलेलो, सखूचा नवरा मागून चालत. सकाळची वेळ. बोरटोल्याची निम्मी वाट गेली असेल, पार्बता आतून म्हणाली, “फागूभाऊ, थांबवा.”

फागूनं एका मोहाच्या झाडाखाली बैल उभे केले. आम्ही तिघं पुरुष सडकेच्या पलीकडं पाठ करून उभे राहिलो. आतून पार्बताचा आवाज येत होता, हळू, एकसारखा. मध्ये एकदा ती थांबली. मला पुढं जावंसं वाटलं, फागूनं दंड धरला. मग रडणं ऐकू आलं. आधी बारीक, मग चांगलं खणखणीत.

बऱ्याच वेळानं पार्बतानं बोऱ्याचा पडदा सारला. फागूनं विचारलं, “आता कोटी नेऊ? दवाखान्यात का घरी?”

पार्बतानं सखूची नाडी पुन्हा पाहिली, खालची कापडं पाहिली. वेळ घेतला. मग म्हणाली, “घरी. दोघीही चांगल्या हायेत.”

फागूनं रेंगी वळवली. आणि आम्हां कोणाच्याच ध्यानात आलं नाही की अर्ध्या वाटेवरून परत फिरलेली रेंगी गावाला काय सांगते. आजवर ती परत फिरली होती ती रोगी वाटेत गेल्यावरच. दुसरं कारण कधी झालंच नव्हतं. चिचगडच्या शिवेवरच्या धानाच्या बांधीत बाया निंदण करत होत्या. त्यांनी दुरून रेंगी परत येताना पाहिली आणि एकीनं हंबरडा फोडला. मग साऱ्याच रडत सडकेकडं धावल्या. सखूची आई सर्वांत पुढं, चिखलानं माखलेली, ऊर बडवत.

पार्बता चालत्या रेंगीत उभी राहिली. एका हातानं खुंट धरला आणि ओरडली,

“रडू नोका वो! पोरगी झाली! पानी तापवा!”